आर्क्टिक प्रदेशातील शिकारी पक्षी आणि निवेदकाचा आवाज : वन्यजीव माहितीपटांच्या निवेदनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी चलच्चित्र हे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. वन्यजीवविषयक माहितीपटांकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. असे माहितीपट म्हणजे निसर्गाचे यथातथ्य चित्रण, हा समज त्यास बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. वस्तुतः टुंड्रातील उंचवट्यावर बसलेले हिमघुबड हे दृश्य स्वतःहून फारसे काही सांगत नाही. ते भक्ष्याची वाट पाहत आहे, पिलांची राखण करीत आहे की ऱ्हास पावणाऱ्या जातीचे प्रतीक म्हणून तेथे आहे, हे प्रेक्षकाला कळते ते निवेदकाच्या आवाजावरून. आर्क्टिक प्रदेशातील शिकारी पक्षी आणि त्यांचे भक्ष्य यांविषयीचे निवेदन १९५० नंतर कसे बदलत गेले व समकालीन शास्त्रीय ज्ञानाशी त्याचे नाते काय राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उपलब्ध ज्ञानातील कथेला सोयीचा भाग निवेदनाने स्वीकारला आणि अनिश्चिततेचा भाग बहुधा गाळला, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

१. हिमघुबड आणि लेमिंग : ज्ञानाची पार्श्वभूमी

आर्क्टिकमधील हिमघुबडाचे प्रजनन प्रामुख्याने लेमिंग या उंदरासारख्या, आखूड शेपटीच्या प्राण्यावर अवलंबून असते. लेमिंगची संख्या साधारणतः तीन ते पाच वर्षांच्या अंतराने शिखर गाठते व नंतर झपाट्याने घसरते. विपुलतेच्या वर्षी हिमघुबडाची मादी अकरापर्यंत अंडी घालते. टंचाईच्या वर्षी त्याच प्रदेशात एकही घरटे आढळत नाही. शिकारी पक्ष्याची कथा सांगावयाची तर ती लेमिंगच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही, ती यामुळे.

या चक्राचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स एल्टन या ब्रिटिश परिस्थितिवैज्ञानिकाने आरंभिला. १९२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्पिट्सबर्गन मोहिमेत तो सहभागी झाला होता. १९२३ च्या मोहिमेच्या वेळी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे रॉबर्ट कोलेट याचा नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यातील लेमिंगच्या नोंदींच्या आधारे एल्टनने १९२४ मध्ये प्राण्यांच्या संख्येतील नियतकालिक चढउतारांवरील लेख प्रसिद्ध केला. पुढे हडसन बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या दप्तरांचाही त्याने उपयोग केला. व्यापारी कागदपत्रांतून निसर्गाचा इतिहास उभा करण्याचा हा प्रयत्न इतिहासाच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटावा असा आहे. मात्र १९२४ च्या लेखात लेमिंगच्या सामूहिक स्थलांतराची व मृत्यूची पारंपरिक वर्णनेही आली होती आणि ती एल्टनने स्वतः पाहिलेली नव्हती. अशा रीतीने संख्याचक्राचे शास्त्रीय सूत्र आणि सामूहिक मृत्यूची लोककथा हे दोन धागे प्रारंभापासून एकत्र गुंफले गेले. त्यांपैकी कोणता धागा उचलावयाचा, हा निवड पुढे चित्रपटाने केली.

२. नियतीची कथा : ‘व्हाइट वाइल्डरनेस’

वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९४८ मध्ये ‘सील आयलंड’ या लघुपटाने ‘ट्रू-लाइफ अ‍ॅडव्हेंचर्स’ ही मालिका सुरू केली. तिच्यातील ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा आर्क्टिकवरील माहितीपट १९५८ मध्ये प्रदर्शित झाला. जेम्स अल्गर हे त्याचे दिग्दर्शक, तर विन्स्टन हिबलर हे निवेदक होते. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कारही त्यास मिळाला. लेमिंगचे थवे कड्यावरून पाण्यात कोसळतात हा त्यातील प्रसंग पुढे जगभर परिचित झाला.

या प्रसंगाचे निवेदन लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे. लेमिंग आत्महत्या करतात ही दंतकथा काही अंशी खरी व काही अंशी खोटी आहे, असे निवेदक प्रारंभीच सांगतो. म्हणजे शास्त्रीय सावधगिरीचा उच्चार होतो. पुढे मात्र एका अनिवार प्रेरणेने झपाटलेला समूह, मागे फिरण्याची अखेरची संधी आणि अथांग पाणी अशी शोकांतिकेची मांडणी येते. प्रारंभीची सावधगिरी या मांडणीत विरून जाते.

१९८२ मध्ये कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या ‘क्रुएल कॅमेरा’ या कार्यक्रमाने या प्रसंगाचे वास्तव उघड केले. चित्रण समुद्रकिनारा नसलेल्या अल्बर्टा प्रांतात झाले होते. लेमिंग मॅनिटोबातून, तेथील इनुइट मुलांकडून विकत घेऊन आणले होते. बर्फाने झाकलेल्या फिरत्या तबकडीवर मोजकेच प्राणी धावते ठेवून प्रचंड समूहाचा आभास निर्माण करण्यात आला व अखेरीस त्यांना कड्यावरून नदीत लोटण्यात आले.

येथे केवळ चित्रणातील फसवणुकीकडे बोट दाखविणे पुरेसे नाही. लेमिंगची संख्या घटण्यामागे शिकारी पक्षी व प्राणी यांचा मोठा वाटा असू शकतो. ईशान्य ग्रीनलंडमधील निरीक्षणांवर आधारित, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हिमघुबड, लांब शेपटीचा स्कुआ, आर्क्टिक कोल्हा व स्टोट या चार भक्षकांच्या साहाय्याने लेमिंगच्या चक्राचे स्पष्टीकरण देण्यात आले. लेमिंगचा अंत आत्मप्रेरणेने होतो असे सांगणाऱ्या निवेदनाने या परस्परसंबंधातून शिकारी पक्ष्यालाच वगळले होते.

३. कुटुंबाची कथा

त्यानंतरच्या काळात दूरचित्रवाणीसाठी तयार झालेल्या माहितीपटांत कुटुंब हा कथनाचा प्रमुख आकृतिबंध ठरला. अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या ‘नेचर’ या मालिकेत २०१२ मध्ये दाखविण्यात आलेला ‘मॅजिक ऑफ द स्नोई आउल’ हा अलास्काच्या उत्तर भागातील एका जोडीच्या संगोपनकाळाभोवती गुंफलेला आहे. या आकृतिबंधास वास्तवाचा आधार आहे. मादी अंडी उबविते व नर भक्ष्य आणून देतो. अंडी साधारणतः दोन दिवसांच्या अंतराने घातली व त्याच क्रमाने उबविली जात असल्याने पिले लहानमोठी असतात. अन्न कमी पडल्यास धाकटी पिले दगावतात. कष्टाळू पिता, सावध माता व दुर्बल पिलू ही पात्रे निवेदकाला निसर्गानेच पुरविली आहेत असे वाटावे.

तथापि एका जोडीचा एक उन्हाळा हे या पक्ष्याच्या जीवनाचे प्रातिनिधिक चित्र ठरत नाही. हिमघुबड भटक्या वृत्तीचे आहे. एका वर्षीच्या विणीची जागा व दुसऱ्या वर्षीची जागा यांत शेकडो किलोमीटरचे अंतर असू शकते. कॅनडातील बायलट बेटावर काही माद्यांना २००७ मध्ये उपग्रहाद्वारे मागोवा घेणारी यंत्रे बसविण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी बहुसंख्य माद्यांनी हिवाळ्यातील बराच काळ समुद्रावरील बर्फावर काढला. तेथील मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यांत येणारे सागरी पक्षी हे त्यांचे संभाव्य भक्ष्य होते. केवळ जमिनीवरील लेमिंगवर जगणारा पक्षी ही रूढ प्रतिमा त्यामुळे अपुरी ठरली. चित्रीकरण सुलभ असलेला उन्हाळा हाच निवेदनात संपूर्ण जीवन होऊन बसला होता.

४. ससाण्यांची कथा : चौकटीबाहेरील कारणे

बहिरी ससाण्याच्या बाबतीत निवेदनाला वेगळी अडचण आली. कीटकनाशकांमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होत असल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर १९७२ मध्ये बंदी आली. आर्क्टिकमध्ये वीण करणाऱ्या बहिरी ससाण्यांच्या अधिवासात शेती नव्हती. विष त्यांच्या शरीरात शिरत होते ते दक्षिणेकडील स्थलांतरात व तेथून आलेल्या भक्ष्य-पक्ष्यांतून. पुढे त्यांची संख्या सावरली व अमेरिकेने १९९४ मध्ये या उपजातीस संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले. कड्यावरील घरट्याच्या दृश्यात यातील काहीही दिसत नाही; येथे ते सांगण्याचा भार सर्वस्वी निवेदनावर पडतो. आशियाई टुंड्रातील बहिरी ससाणे हिवाळ्यात भारतात, महाराष्ट्रातही येतात, हे लक्षात घेता हा विषय भारतीय वाचकालाही दूरचा नाही.

जायर ससाणा हा जगातील सर्वांत मोठा ससाणा होय. मध्ययुगीन यूरोपातील राजेरजवाड्यांत त्याला फार मोल होते आणि त्यास राजेशाही पक्षी म्हणण्याचा मोह निवेदनाला सहज होतो. या पक्ष्याचा खराखुरा दीर्घ इतिहास मात्र त्याच्या घरट्यांत साठला आहे. ग्रीनलंडमधील एका घरट्याखालील विष्ठेच्या थरांचे वय कार्बन कालमापनाने सुमारे २,५०० वर्षे निश्चित झाले. पिढ्यानपिढ्या एकच कडा वापरला गेल्याचा हा पुरावा इतिहासाच्या दृष्टीने राजदरबाराच्या स्मृतीहून अधिक मोलाचा आहे.

५. ऱ्हासाची कथा आणि आकड्यांचा प्रश्न

एकविसाव्या शतकात हवामानबदल हा आर्क्टिकवरील निवेदनाचा मध्यवर्ती विषय झाला. बीबीसीची ‘फ्रोझन प्लॅनेट’ ही ध्रुवीय प्रदेशावरील मालिका २०११ मध्ये प्रसारित झाली. ब्रिटनमध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी तिचे निवेदन केले. अमेरिकेतील आवृत्तीसाठी अभिनेते अ‍ॅलेक बाल्डविन यांचा आवाज वापरण्यात आला. हवामानबदलावरील सातवा भाग परदेशी वाहिन्यांना ऐच्छिक म्हणून देण्यात आल्याचे उघड होताच टीका झाली व अमेरिकेतील वाहिनीने पुढे तो भागही दाखविला. चित्रे तीच ठेवून आवाज बदलता येतो आणि तात्पर्य सांगणारा भाग विक्रीच्या वेळी वेगळा काढता येतो, हे यावरून स्पष्ट होते.

हिमघुबडाच्या संदर्भात ऱ्हासाचे पुरावे खरे आहेत. ईशान्य ग्रीनलंडमध्ये २००० च्या सुमारास लेमिंगची चक्रे कोलमडली. त्यानंतर अभ्यासक्षेत्रात हिमघुबडाच्या पिलांच्या निपजीत ९८ टक्के घट झाल्याचे २०१२ मध्ये नोंदविण्यात आले. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या पक्ष्याचा समावेश ‘असुरक्षित’ या वर्गात केला. त्याच सुमारास जागतिक संख्येचा अंदाजही दोन-तीन लाखांवरून सुमारे २८ हजारांवर आणला गेला. येथे विवेक आवश्यक आहे. हा फरक म्हणजे तेवढे पक्षी मेले असा नव्हे. भटक्या पक्ष्यांची गणना पूर्वी फुगविली गेली होती आणि दुरुस्तीचा मोठा भाग गणनापद्धतीशी संबंधित आहे. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून विनाशाची कथा सांगणे सोपे आहे. पण असे निवेदन चुकीचे ठरेल आणि ग्रीनलंडमधील खऱ्या घटीवरील विश्वासही त्यामुळे उणावेल.

६. निवेदनातून वगळलेला माणूस

अलास्कातील बॅरो या गावाच्या परिसरात डेन्व्हर होल्ट यांनी १९९२ पासून हिमघुबडांचा दीर्घकालीन अभ्यास केला. २०१६ मध्ये मतदानाने या गावाचे नाव उत्किआग्विक करण्यात आले. त्या वेळी उक्पिआग्विक हेच मूळ नाव असल्याचा दावाही पुढे आला. इनुपिआत भाषेत ‘उक्पिक’ म्हणजे हिमघुबड आणि उक्पिआग्विक म्हणजे हिमघुबडांच्या शिकारीची जागा. ज्या भूमीला माहितीपट बहुधा निर्मनुष्य अरण्य म्हणून सादर करतात, तिच्या नावातच माणूस व घुबड यांचा जुना संबंध नोंदलेला आहे. ‘व्हाइट वाइल्डरनेस’साठी लेमिंग पुरविणारी इनुइट मुलेही पडद्यावर कोठेच नाहीत.

निष्कर्ष

निवेदनाचा आकृतिबंध नियतीकडून कुटुंबाकडे व कुटुंबाकडून ऱ्हासाकडे सरकला. या प्रवासात वस्तुनिष्ठता निश्चितच वाढली. तरीही एकच आवाज, एकच ऋतू व एकच तात्पर्य ही मर्यादा कायम राहिली. इतिहासाचे साधन म्हणून असे माहितीपट वापरताना अभ्यासकाने निवेदनाची संहिता दृश्यापासून वेगळी काढून वाचावी, चित्रणाचे स्थळ व काळ तपासावा, वेगवेगळ्या देशांतील आवृत्त्यांची तुलना करावी आणि समकालीन संशोधनाशी प्रत्येक विधान ताडून पाहावे. अध्यापनात हे माहितीपट सर्रास दाखविले जात असल्याने ही दक्षता वर्गातही आवश्यक आहे. प्रसंग आवाज बंद करून एकदा व आवाजासह पुन्हा दाखविल्यास, आपण प्रत्यक्ष काय पाहिले आणि आपल्याला काय सांगितले गेले, यांतील भेद विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येऊ शकेल.