खांदेरीचा दिवा

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले, की समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. अंधार पडला की उंदेरी दिसेनासे होते. खांदेरीवर मात्र दिवा लागतो. तिथला दगडी, अष्टकोनी दीपस्तंभ 1867 साली उभा राहिला. उंची सुमारे 25 मीटर. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना तो वाट दाखवतो.

पण याच बेटाला एके काळी अंधाराने तारले होते. 1679 च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना इथे किल्ला बांधायला पाठवले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. भंडाऱ्यांच्या मदतीला दौलतखान आरमार घेऊन निघाले. 18 ऑक्टोबरला लढाई झाली. इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडले, पण ‘रिव्हेंज’ने त्यांना मागे रेटले. मग कामाला आल्या त्या लहान होड्या. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्रीच्या काळोखात बेटाला लागत आणि रसद उतरवून परत जात. इंग्रज थकले. 1680 च्या सुरुवातीला त्यांनी समझोता करून नाकेबंदी उठवली. पुढे 1718 साली त्यांनी पुन्हा हल्ला केला. तेव्हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्याकडे होता. तोही हल्ला फसला.

तटावरच्या तोफांनी ज्यांना अडवले, त्यांच्याच राजवटीत मनोरा बांधला गेला. आज त्या दीपस्तंभाला नाव आहे कान्होजी आंग्रे यांचे! ज्या नावाने इंग्रज व्यापारी धास्तावत, त्याच नावाच्या दिव्याकडे पाहून आता देशोदेशीची जहाजे बंदराची दिशा धरतात.

2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी आहे. शिवकालीन तटामध्ये हा मनोरा उपरा आहे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, दाऊद पीराचा दर्गा आहे, तसाच हा दिवाही आहे. तो बांधणाऱ्यांनी आपल्या व्यापारासाठी बांधला, हे खरेच. पण रात्री जाळी ओढून परतणारा थळचा तांडेल त्याच उजेडावरून आपले घर कुठल्या बाजूला आहे ते ठरवतो. किल्ल्याने हा किनारा राखला. दिव्याने किनाऱ्यावरची माणसे राखली. वारसा म्हणून जपताना दोन्ही जपायला हवेत.