कंटेनरमधील दूरस्थ शेल सत्र

संगणकांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, चालू असलेल्या एखाद्या कंटेनरमध्ये दुरून शेल उघडून आज्ञा देण्याची रीत. कामाच्या बोलीत ‘एक्झेक करणे’ किंवा ‘पॉडमध्ये जाऊन बघणे’ (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरांचा संच). शेलला ‘कवच’ हा प्रतिशब्द करता येतो. पण कामाच्या जागी तो कोणी उच्चारत नाही, म्हणून येथे शेल हाच शब्द ठेवला आहे. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या सर्वाधिक प्रचलित प्रणालीतील ‘kubectl’ या आज्ञेचा उच्चारही ठरलेला नाही. क्यूब-सीटीएल, क्यूब-कंट्रोल आणि क्यूब-कटल ही तिन्ही रूपे ऐकू येतात.

स्वरूप : ‘आत जाणे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. लिनक्सच्या कर्नलने निराळे नेमस्पेस आखून दिलेल्या साध्या प्रक्रियांचा तो गट असतो. एक्झेक केल्यावर कोणी कुठे शिरत नाही; त्याच नेमस्पेसमध्ये शेलची नवी प्रक्रिया जन्माला घातली जाते. आतून पाहिल्यास मुख्य प्रक्रियेचा क्रमांक १ दिसतो, यजमान यंत्रावरून पाहिल्यास तिचाच क्रमांक पाच आकडी असू शकतो. एकाच वस्तूला दोन बाजूंनी दोन नावे कशी असतात, हे बेळगावच्या (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. नवी प्रक्रिया कंटेनरच्याच स्मृतिमर्यादेत मोजली जाते. त्यामुळे शेलमधून एखादी अवजड आज्ञा चालवली, तर मर्यादा ओलांडताच कर्नल प्रक्रिया मारतो आणि सत्र बहुधा १३७ हा निर्गम-संकेत देऊन संपते (१२८ अधिक ९ क्रमांकाचा सिग्नल). कंटेनरच्या स्वतःच्या फाइलप्रणालीत हाताने केलेली दुरुस्ती पॉड नव्याने उभा राहिला की नाहीशी होते.

इतिहास : दूरस्थ शेलची ‘आरएसएच’ ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून पसरली. तिच्यात मजकूर उघडाच जाई. हेलसिंकी तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. डॉकर हे कंटेनर चालवण्याचे साधन २०१३ मध्ये आले. तेव्हा कंटेनरमध्येच एसएसएच सर्व्हर बसवण्याची प्रथा होती. काही जण यजमान यंत्रावरून ‘एनएसएंटर’ ही नेमस्पेसमध्ये शिरण्याची आज्ञा वापरत. ऑक्टोबर २०१४ मधील डॉकर १.३ या आवृत्तीत ‘एक्झेक’ आज्ञा आली आणि त्या प्रथेची गरज उरली नाही. कुबरनेटीसची १.० आवृत्ती जुलै २०१५ ची.

मार्ग : वापरणाऱ्याची विनंती थेट कंटेनरकडे जात नाही. ती प्रथम कुबरनेटीसच्या एपीआय सर्व्हरकडे जाते. तेथे ओळख आणि अधिकार तपासले जातात. मग संबंधित यंत्रावरील क्यूबलेट या कुबरनेटीसच्या हस्तकाकडे (सामान्यतः १०२५० क्रमांकाचे पोर्ट), तेथून कंटेनरडीसारख्या रनटाइमकडे आणि शेवटी रन-सीकडे. रन-सी प्रक्रिया जन्माला घालतो आणि तिचा आदान-प्रदान प्रवाह त्याच वाटेने उलटा येतो. हा प्रवाह वर्षानुवर्षे एसपीडीवाय या मागे पडलेल्या प्रोटोकॉलवर चालत होता. २०२४ पासून क्यूब-सीटीएल प्रथम वेबसॉकेट वापरून पाहते. वेबसॉकेटवर आदान, प्रदान, त्रुटी-प्रदान, निर्गम-स्थिती आणि खिडकीचा आकार यांसाठी ० ते ४ अशा पाच वाहिन्या असतात. काही हालचाल नसलेले सत्र क्यूबलेट मुळात ठरलेल्या ४ तासांनी तोडतो. मधला लोड बॅलन्सर बहुधा त्याच्या कितीतरी आधीच तोडतो.

टर्मिनल : नवशिक्याची गफलत बहुतेक येथेच होते. ‘आय’ हा फ्लॅग आदानाची वाट उघडी ठेवतो, ‘टी’ आभासी टर्मिनल जोडतो. नुसता ‘टी’ दिल्यास टंकलेले आत पोचत नाही. नुसता ‘आय’ दिल्यास आज्ञा चालतात; प्रॉम्प्ट मात्र दिसत नाही आणि सत्र अडकले आहे असे वाटते. टर्मिनल जोडल्यावर प्रदान व त्रुटी-प्रदान एकाच प्रवाहात मिसळतात आणि प्रत्येक ओळीअखेर एक जादा कॅरेज-रिटर्न चिन्ह येते. म्हणून फाइल बाहेर काढताना ‘टी’ देऊ नये. कंटेनरमध्ये चालवायच्या आज्ञेआधी दोन डॅश द्यावेत. एका पॉडमध्ये अनेक कंटेनर असतील तर ‘सी’ने नाव सांगावे.

सुरक्षा : अधिकार-नियमांत यासाठी ‘पॉड्स/एक्झेक’ हे स्वतंत्र उपसाधन आहे. ज्याला हा अधिकार मिळाला त्याला त्या पॉडमधील गुपिते, टोकन व जाळे सर्व मिळाले असे धरावे. एपीआय सर्व्हरची हिशेबवही (ऑडिट लॉग) कोणी, केव्हा, कोणत्या आज्ञेने सत्र उघडले ते नोंदवते. सत्र उघडल्यावर आत काय टंकले ते नोंदवत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये याच मार्गातील एक मोठी चूक उघड झाली (सीव्हीई-२०१८-१००२१०५, तीव्रता १० पैकी ९.८). फेब्रुवारी २०१९ मधील सीव्हीई-२०१९-५७३६ मध्ये तर दुष्ट कंटेनर एक्झेकचाच फायदा घेऊन यजमानावरील रन-सी बदलून टाकू शके. चालू उत्पादन-प्रणालीत एक्झेक मुळीच असावे काय, याविषयी मतभेद आहेत.

शेल नसलेले कंटेनर : ‘डिस्ट्रोलेस’ प्रतिमांत शेलच नसतो, त्यामुळे एक्झेक निरुपयोगी ठरते. अशा वेळी चालू पॉडला तात्पुरता कंटेनर जोडतात. ही सोय ऑगस्ट २०२२ च्या १.२५ आवृत्तीत स्थिर झाली.

महासंगणक : पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८, संस्थापक संचालक विजय भटकर) १९९१ मध्ये परम ८००० उभारला. परम ब्रह्म (आयसर, पुणे) यासारख्या आजच्या यंत्रांवर एसएसएचने प्रथम लॉगिन यंत्रावर जायचे आणि स्लर्म या काम-वाटप प्रणालीकडे काम मागायचे, असा क्रम असतो. महासंगणकांवर डॉकरऐवजी सिंग्युलॅरिटीचे (२०२१ पासून ॲपटेनर) कंटेनर अधिक रुळले, कारण तेथे सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार देता येत नाहीत.

बेळगाव-निपाणी भाग : विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे (१९९८) मुख्यालय बेळगावात आहे. कर्नाटक लॉ सोसायटीचे गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय १९७९ चे. निपाणीतही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्ही गावे पुणे-बंगळूर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ४८) असून पुणे व बंगळूर या शहरांतील कंपन्यांचे काम घरून करता येते. एक्झेक मात्र अखंड प्रवाह मागते. निपाणीहून कागलकडे जाताना कोगनोळीच्या पुढे राज्यासोबत दूरसंचार मंडळही बदलते, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडलेले सत्र त्या टप्प्यात तुटू शकते. तुटल्यावर आत चाललेली आज्ञा थांबतेच असे नाही. काही वेळा ती मागे बेवारस चालत राहते. म्हणून लांबलचक काम एक्झेकमध्ये न चालवता स्वतंत्र जॉब म्हणून पाठवतात.

प्रशिक्षण : प्रामुख्याने इंग्रजीतून.