रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका नामांतराची गोष्ट

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले येऊन गेले. लोकलगाड्या भरभरून माणसे आली. याच महानगराने चाळीस वर्षांपूर्वी आपलाही एक रॉक बँड घडवला होता, हे त्या गर्दीत कितीजणांना ठाऊक असेल?

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ सुरू झाला. महेश तिनईकर यांची गिटार, उदय बेनेगल यांचा आवाज आणि झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड ही त्याची पुढे स्थिरावलेली ओळख. परक्या बँडची गाणी हुबेहूब वाजवणे हीच तेव्हा इथल्या वादकांची कर्तबगारी समजली जाई. धोबीतलावच्या रंगभवनातला श्रोताही तेच मागे. (ते खुले नाट्यगृह पुढे ‘शांतता क्षेत्रा’च्या नियमात अडकून गप्प झाले.) अशा वातावरणात १९८८ साली या मंडळींनी ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. ब्लूजमधून आलेली रॉकची चौकट उसनी होती खरी. गाणी मात्र उसनी नव्हती.

१९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले. संगीतात भारतीय रंग मिसळू लागला होता आणि जुने यांत्रिक नाव त्याला तोकडे पडत होते. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. या नामांतराकडे ‘उशिरा सुचलेले भारतीयत्व’ म्हणून पाहिले जाऊ शकते. मला ते अन्यायाचे वाटते. मिश्रण प्रामाणिक होते. अडचण शब्दांची होती. सुरावटीने घराची वाट धरली, पण शब्द इंग्रजीच राहिले. नव्या नावाचा अल्बम १९९५ चा. अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ही त्याच वर्षीचा! उपग्रह वाहिन्यांनी जी बाजारपेठ उघडली, ती हिंदी पॉपने व्यापली. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

गंमत अशी की, त्यानंतर बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नव्या प्रयोगात हिंदी शब्द जवळ केले. म्हणजे भाषेचा प्रश्न त्यांनाही जाणवला असावा. अर्थात हा माझा तर्क.

आपल्या मराठी संगीतलेखनात या वाटचालीची नोंद शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. लावणी मुंबईची, शाहिरी मुंबईची, गोवेकर वादकांनी सजवलेले चित्रपटसंगीतही मुंबईचे; मग तिनईकरांची गिटार तेवढी परकी का? गायनाची भाषा इंग्रजी, एवढ्यावरून आपण एक अख्खे प्रकरण गाळतो आहोत.

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा बास रुशद मिस्त्री यांच्याकडे आणि ड्रम्स जय रो कवी यांच्याकडे आले. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. गाणी पुन्हा इंग्रजीतच होती.