कण्हेर कोणती, बिट्टी कोणती?

महामार्गाचा दुभाजक असो, सोसायटीचे कुंपण असो वा देवळामागची बाग असो, बारमाही हिरवे राहून फुलणारे झुडूप हवे असेल तर कण्हेरीची आठवण हमखास होते. कमी पाण्यावर ती तग धरते, धूर आणि धूळ सोसते. शिवाय गुरे तिला तोंड लावत नाहीत. गुरे तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न मात्र शहरात फारसा कोणी विचारत नाही. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, तसेच अश्वमारक, म्हणजे घोड्याचा जीव घेणारी, असेही म्हणतात. जुन्यांनी धोक्याची सूचना नावातच देऊन ठेवली होती.

कण्हेर या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन निराळी झुडपे वावरतात. गुलाबी, तांबड्या वा पांढऱ्या फुलांची ती खरी कण्हेर, शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. भूमध्य सागराच्या परिसरापासून आशियापर्यंत तिचा वावर पूर्वापार आहे. पिवळी कण्हेर म्हणून ओळखली जाते ती बिट्टी, म्हणजे कॅस्काबेला थेवेशिया. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. जुन्या पुस्तकांत तिचे नाव थेवेशिया पेरुवियाना असे आढळते. दोन्ही करवीर कुलातील, म्हणजे तगर, सदाफुली आणि देवचाफ्याच्या नात्यातल्या.

ओळख पटवताना केवळ फुलाच्या रंगावर विसंबू नये, कारण बिट्टीतही पांढऱ्या व फिकट नारिंगी फुलांचे प्रकार आहेत. पाने पाहावीत. कण्हेरीच्या फांदीवर बहुधा एकाच पेरावर तीन पाने चक्राकार असतात. ती चामड्यासारखी जाड, भाल्याच्या आकाराची आणि मधली शीर ठळक असलेली. बिट्टीची पाने एकाआड एक, फांदीभोवती फिरत गेलेली, अरुंद आणि तकतकीत; देठ मोडताच पांढरा चीक येतो. कण्हेरीचे फूल पसरट, गळ्याशी झालरीसारखे तंतू असलेले, तर बिट्टीचे नरसाळ्यासारखे आणि पाकळ्यांना पीळ असलेले. फळ दिसले तर शंकाच उरत नाही. कण्हेरीला लांब शेंगा येतात व त्या तडकल्या की केसाळ बिया उडतात. बिट्टीचे फळ हिरवे, काहीसे त्रिकोणी. पिकल्यावर काळे पडते व आत टणक बाठा असतो. याच बिट्ट्या गोळा करून मुलांच्या कित्येक पिढ्या खेळल्या.

या दोन्ही झुडपांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांतील ग्लायकोसाइड द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. पाने सुकली तरी विष जात नाही. केरळमध्ये एप्रिल २०२४ मध्ये एका तरुण परिचारिकेचा मृत्यू कण्हेरीची पाने चघळल्यामुळे झाल्याचा संशय व्यक्त झाला होता. त्यानंतर मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात ही फुले वापरण्यास मनाई केली. पूजेसाठी ती चालतील, असे ठरले. महाराष्ट्रातही शंकराला कण्हेर वाहतात. फुले वाहण्यास हरकत नाही, परंतु ती प्रसादाच्या ताटात वा तीर्थाच्या भांड्यात पडू देऊ नयेत. मुलाने पान, फूल वा बी चघळल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये, उलटी करवू नये. झाडाची डहाळी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. नेमके झाड समजले की डॉक्टरांचे काम सोपे होते.

म्हणून कण्हेर उपटून टाकण्याचे कारण नाही. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. मुलांच्या खेळाच्या जागेलगत, पाळीव प्राण्यांच्या वाटेवर किंवा पिण्याच्या पाण्याच्या उघड्या टाकीवर वाकेल अशी ती नसावी. लागवड अगदी सोपी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धवट पक्व फांदीची वीतभर छाटे लावली की काही आठवड्यांत मुळे धरतात. बिट्टी बियांपासून सहज येते. निचऱ्याची माती आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळाले की पुरते. सावलीतल्या गॅलरीत पाने येतील, फुले बेताचीच. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे बहर ओसरल्यावर छाटणी करावी. त्या वेळी हातमोजे घालावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. अळ्या दिसल्या तर लगेच कीटकनाशक आणू नये. कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळ्या कण्हेरीच्या पानांवर वाढतात आणि या विषारी आहारामुळे पक्ष्यांना बेचव लागतात. थोडी पाने त्यांच्यासाठी सोडली, तर पानाखाली लटकलेला, आरशासारखा चकाकणारा चंदेरी कोष पाहायला मिळू शकतो.