'पे' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची घ्या, नाहीतर बसस्टँडवर चहा घ्या. शेवटी प्रश्न एकच येतो: "पे केलं का?" 'पैसे दिले का' हे हळूहळू मागं पडत चाललंय. गंमत अशी, की हा 'पे' मुळात पैशांचा शब्दच नाही.

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. इंग्रजीतला 'पीस' तिथूनच आला. त्यावरून 'पाकारे', म्हणजे शांत करणे. हाच शब्द फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला आणि 'पे' झाला. सुरुवातीला त्याचा अर्थ समोरच्याचं समाधान करणं असाच होता. ज्याचं देणं लागतो तो दारात उभा आहे, त्याला शांत करून परत पाठवायचं. पैसे हा त्याचा एक मार्ग. वसुलीवाल्याचे दिवसातून चार फोन ज्याला येतात, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हिशेब मिटला की इंग्रजीत 'क्विट्स' म्हणतात, तोही 'क्वायट'चाच भाऊ. म्हणजे तिथेही शांतताच.

आता मराठीकडे या. आपण कर्ज 'फेडतो'. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लुगडंसुद्धा फेडतात. म्हणजे नेसलेलं सोडतात. फेडणं म्हणजे सोडणं, उकलणं. कर्ज ही अंगाभोवती गुंडाळलेली गोष्ट, आणि ती आपण उलगडत जातो. लॅटिनमध्ये असाच आणखी एक शब्द आहे, 'सोल्वेरे'. त्याचा अर्थ मोकळं करणे, आणि देणं चुकतं करणे हाही. बँकेच्या भाषेतला 'सॉल्व्हंट' त्यातून आला. गणित 'सॉल्व्ह' करणं पण तेच, गाठ सोडवणं. दोन भाषा, एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब, आणि डोळ्यासमोर चित्र मात्र एकच.

तरी फरक बघा. 'पे' करणारा समोरच्याला शांत करतो, आणि फेडणारा स्वतःला सोडवतो. मला दुसरं जास्त खरं वाटतं. का, ते पुढे येतंच आहे.

त्याआधी काही शब्द पटापट. 'पर्चेस' जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ मागे लागून मिळवणे असा होता. त्यात 'चेस', म्हणजे पाठलाग, लपलेलाच आहे. रात्री बारा वाजता सेल उघडायची वाट बघत बसणाऱ्यांनी यावर हसायला हरकत नाही. 'कॅश' म्हणजे मुळात पेटी, आपला गल्ला. पेटीचं नाव आतल्या पैशाला मिळालं. आणि 'सेल' या क्रियापदाचा जुना अर्थ नुसता 'देणे' होता, पैसे न घेतासुद्धा.

आपले बाजारातले शब्द मात्र वेगळ्याच रस्त्याने आले. खरेदी, बाजार, दुकान, किंमत, जमा, बाकी, वसूल: एकतर फारसी, नाहीतर फारसीतून आलेले अरबी. खानदेशात आधी फारुकी सुलतान होते, १६०१ मध्ये असीरगड पडला आणि मुघल आले. दप्तराची भाषा फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात 'पण्यवर्ग' नावाचा व्यापाराचा भाग आहे. दरबारातली पदं बदलली. बाजारातला माणूस मात्र 'बाकी किती?' असंच विचारत राहिला. 'हप्ता' तर भारीच. फारसीत हफ्ता म्हणजे सात दिवस, आपल्या 'सप्ताह'चाच चुलतभाऊ. आज ईएमआय महिन्याला कापला जातो, पण आपण त्याला आठवडाच म्हणतोय.

आता जड शब्द. 'मॉर्गेज' म्हणजे शब्दशः 'मेलेलं तारण'. १७ व्या शतकातला इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक याने त्याचा खुलासा असा केला: कर्ज फिटलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली, फिटलं तर तारण सावकाराला मेलं. आपला शब्द 'गहाण'. तो आला संस्कृत 'ग्रहण'वरून, म्हणजे पकडणे. चंद्राला लागतं तेच.

आपल्या जिल्ह्यात हा शब्द पुस्तकातला नव्हता. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, १ जुलै १९९८ पर्यंत आपण धुळ्यातच होतो. शहादा-तळोदा भागात कितीतरी आदिवासी कुटुंबांच्या जमिनी कर्ज, गहाण आणि अंगठे उठवलेल्या कागदांमधून दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. मग काहींवर वेळ आली ती दुसऱ्याच्या शेतात 'सालदार' म्हणून राबायची. वर्षभराच्या कामासाठी आधी जी रक्कम घेतात, तिला 'उचल' म्हणतात. शब्द किती हलका आहे बघा, जसं काही रस्त्यावर पडलेली नोट उचलली. ती फेडायची मात्र अंगमेहनतीने. १९७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आदिवासी मोठ्या संख्येने एकत्र आले. त्या चळवळीने शब्द निवडला 'भूमुक्ती'. परत फेडण्याच्याच घरातला शब्द, सोडवणं. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठीचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदाही आला.

आणि आता तुमच्या फोनमधलं बटण: 'रिडीम'. कूपन, कॅशबॅक, पॉइंट्स, सगळीकडे असतं. लॅटिनमध्ये अर्थ परत विकत घेणे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या हक्काला हाच शब्द आहे. म्हणजे एखाद्याची जमीन सोडवणारा शब्द आपण वीस रुपयांच्या कूपनवर दाबतोय.

शेवटचा शब्द माझ्या धंद्यातला, 'डिजिटल'. लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. बोटांवर मोजतात म्हणून आकड्याला 'डिजिट', आणि आकड्यांवर चालतं ते डिजिटल. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तेव्हापासून शब्दाने पूर्ण फेरी मारली. आज गावातल्या केंद्रावर आधारवर पैसे काढताना बाई मशीनवर खरोखरचं बोट ठेवते. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठला की जमीन जायची. आता अंगठा उठला तर स्वतःचे पैसे हातात येतात.

उठला तर. शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीत बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ओळखत नाही. आम्ही कोड लिहिणारे त्याला 'ऑथेंटिकेशन फेल' म्हणतो आणि लॉगमध्ये एक ओळ पडते. स्क्रीनवर येतं 'डिक्लाइन्ड'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दुसरीकडे वळणे. ती बाई हात पदराला पुसते आणि दुसरं बोट लावून बघते.

पुढच्या भागात 'बँकरप्ट' आणि आपलं 'दिवाळं'. तुमच्या घरी, अहिराणीत, भिलीत, पावरीत उधारीला काय म्हणतात ते व्हॉइस नोटने नक्की पाठवा.