कडेवरचे मूल

दिवाळीत आई मुलाला ओवाळते आणि ‘मोठा हो’ म्हणते. याहून साधा आशीर्वाद आपल्याकडे दुसरा नाही. परंतु आपली मुलगी मोठी होऊ नये, म्हणून आईबापच डॉक्टरांकडे गेले, अशीही एक हकीकत अलीकडच्या इतिहासात नमूद आहे. ती ऐकताच कोणी कानांवर हात ठेवील. मी मात्र तसे करू शकलो नाही.

ही गोष्ट अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातली, २००४ सालची. मुलगी सहा वर्षांची. मेंदूच्या व्याधीमुळे तिला मान धरता येत नव्हती, बसता-बोलता येत नव्हते. अन्न नळीवाटे द्यावे लागे. तिची समज तीन महिन्यांच्या तान्ह्याइतकीच राहणार, असे डॉक्टरांचे मत होते. त्यातच वयात येण्याची चिन्हे लवकर दिसू लागली. आज जिला आपण उचलतो, तिला उद्या कोण उचलणार, या चिंतेने आईबाप व्याकूळ झाले.

उपाय अगदीच नवा नव्हता. इस्ट्रोजेन अधिक मात्रेत दिले की हाडांची वाढती टोके लवकर सांधतात आणि उंची थांबते. मुलगी फार उंच झाली तर तिला वर मिळणार नाही, या भीतीने १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत निरोगी मुलींनाही ते देत असत! सिअ‍ॅटलच्या रुग्णालयाने नीतिसमितीचा सल्ला घेतला, मुलीचे गर्भाशय काढले, स्तनांच्या कळ्या काढल्या आणि मग सुमारे अडीच वर्षे इस्ट्रोजेन दिले. २००६ साली डॉक्टर गंथर व डीकेमा यांनी हे प्रसिद्ध केले आणि वादळ उठले.

आईबाप म्हणाले, ती हलकी राहिली तर आमच्याबरोबर हिंडेल-फिरेल, अंथरुणाला खिळणार नाही. अपंगांच्या संघटना म्हणाल्या, घराला उचलयंत्र द्या, मदतनीस द्या. माणसाला कापून घराच्या मापात का बसवता? २००७ साली चौकशीत ठरले, की न्यायालयाच्या हुकुमावाचून गर्भाशय काढणे बेकायदा होते. रुग्णालयानेही ते मान्य केले.

आपल्याला हे परके वाटू नये. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेथे संस्थेची सोय होती, सिअ‍ॅटलमध्ये आईबापांची माया होती. हा भेद लहान नव्हे. तरी दोन्हीकडे वाक्य एकच होते: ‘तिच्याच भल्यासाठी.’

म्हणून मला वाटते, जे मूल ‘नको’ म्हणू शकत नाही, त्याच्या देहाचा निर्णय मायेच्या माणसांनीही एकट्याने करू नये. त्या मुलाच्या बाजूने बोलणारा, घराबाहेरचा कोणीतरी तेथे हवाच. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संमतीवाचून वंध्यत्व आणणाऱ्या उपचारास मनाई केली, हे योग्यच झाले. पण कायदा मूल उचलू लागत नाही. आईची कंबर रात्री दुखते, तेव्हा शेजारी, समाज आणि सरकार कोठे असतात? जो तिच्या ओझ्याला हात लावणार नाही, त्याने तिला दोष देताना जरा थांबावे.