चिमूटभर मिठाचा इतिहास

युद्धांचा आणि तहांचा इतिहास आम्ही पुष्कळ ऐकतो; वाढ खुंटलेल्या मुलांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. आल्प्सच्या व हिमालयाच्या दऱ्यांतून गलगंड झालेल्या मातांच्या पोटी बुटकी, मुकी-बहिरी, मंदबुद्धी मुले जन्मास येत. लोक त्याला दैव म्हणत. वास्तविक दोष मातीचा होता. हिमनद्यांनी व पावसाने तिच्यातील आयोडीन धुऊन नेले होते. आणि आयोडीनवाचून थायरॉइड ग्रंथीला आपला रस करता येत नाही. त्या रसावाचून गर्भाचा मेंदू वाढत नाही, मुलाची हाडेही वाढत नाहीत.

१८११ मध्ये कूर्त्वा याला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले; १८२० मध्ये जिनीव्हाच्या क्वांदे याने ते गलगंडावर वापरले. तरी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ येण्यास १९२२ साल उजाडावे लागले. शंभर वर्षे औषध ठाऊक होते, निश्चय नव्हता!

आमच्या देशात १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोहोंत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत त्या दोहोंतील शाळकरी मुलांचा गलगंड ओसरू लागला. तिसऱ्यात तो तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे तिसऱ्या विभागासही तेच मीठ मिळाले. परंतु पुराव्याची किंमत तेथील मुलांनी मोजली होती. गर्भात खुंटलेली बुद्धी मागाहून कोणत्याही औषधाने परत येत नाही. त्या मुलांच्या मिठाला आम्ही जागले पाहिजे.